भाव येईपर्यंत

कांद्याच्या चाळीतल्या सेन्सरचा सेल किती दिवस टिकायला हवा, असं इंजिनिअरला विचारलं तर तो ‘दोन वर्षं’ म्हणतो. निफाड तालुक्यात याच प्रश्नाचं उत्तर ‘भाव येईपर्यंत’ असं आहे. आता भाव ही काही कॅलेंडरवर खूण करून ठेवायची गोष्ट नव्हे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, पुढच्या मे महिन्यात बंदी उठली तरी शुल्क होतंच. असल्या हवेत माल धरून ठेवायचा की काढायचा, हे लासलगावचे मुरलेले व्यापारीही छातीठोकपणे सांगत नाहीत. तिथे दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलने काय सांगावं? मी बऱ्याच बॅटऱ्यांच्या डेटाशीट चाळल्या आहेत. तापमान, साठवणूक, गळती, सगळ्यांचे रकाने असतात. ‘केंद्राचा निर्णय होईपर्यंत’ असा रकाना एकाही कंपनीने ठेवलेला नाही.

हे सगळं माझ्या मागे लागलं ते भाच्यामुळे. भाचा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला काहीतरी ‘स्मार्ट’ करून दाखवावं लागतं. कुणी स्मार्ट कचराकुंडी करतं, कुणी स्मार्ट झाडाची कुंडी. याच्या घरी कांद्याची चाळ, म्हणून याने स्मार्ट चाळ घेतली. कल्पना वाईट नव्हती. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत पडतो तो दिवाळीच्या आगेमागे बाहेर येतो. आत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता राहिली तर कांदा खूश असतो, असं शास्त्र सांगतं. श्रावणातलं नाशिक शास्त्राला विचारून वागत नाही. मग ढिगाच्या पोटात कुठेतरी चार कांदे सडतात, शेजारच्या चाळीसांना लावतात, आणि ही बातमी वासाने बाहेर येते तोवर पाखड करण्यापलीकडे हातात काही उरत नाही. बातमी वासाच्या आधी यावी म्हणून ढिगात सेन्सर. चाळीत वायर नको म्हणून बिनतारी. आणि बिनतारी म्हटलं की सेल आलेच.

“पण वायर का नको?” असं दाजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“उंदीर, पप्पा.”

“आन् डबी उंदीर खात नाहीत का?”

भाच्याने या प्रश्नाचं उत्तर प्रोजेक्ट रिपोर्टात ‘फ्यूचर स्कोप’ या मथळ्याखाली टाकलं.

मी सातपूरला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आयुष्य काढलं, त्यामुळे ‘मामाला विचार’ हे ओघानेच आलं. पण आमच्या काळातलं मोजमाप आणि हे मोजमाप यांची जातकुळीच वेगळी. आमच्याकडे पीटी-१००, थर्मोकपल आणि त्यांच्या डोक्यावर ट्रान्समीटर. ट्रान्समीटर बोलायचा ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये. २० म्हणजे पट्टी भरली, ४ म्हणजे शून्य. म्हणजे सांगण्यासारखं काहीही नसलं तरी ४ मिलिअँपिअर वाहतच राहणार, का, तर ‘मी जिवंत आहे, तार तुटलेली नाही’ एवढं कळावं म्हणून. सप्लाय २४ व्होल्टचा, बिल कंपनीचं. पेन्सिल सेलच्या पोटात २,००० मिलिअँपिअर-तास असतात असं धरा. आमच्या ट्रान्समीटरची ही शून्य म्हणायची हौस भागवता भागवता तेवढा साठा एकविसाव्या दिवशी संपेल. मी हे सांगितल्यावर भाचा आदराने “बाप रे” म्हणाला. त्यात आदर किती आणि बाप रे किती, हे मला मोजता आलं नाही.

सेन्सर घ्यायला आम्ही पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. (मुंबईकरांनी इथे लॅमिंग्टन रोड वाचावं. त्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावाने विचारणाऱ्याला रेझिस्टर विकत घ्यायचा आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही.)

“टेम्परेचर सेन्सर हवा होता. कमी करंट घेणारा.”

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “कॉलेज?”

“हो.”

काउंटरवर निळी डबी आली. डीएचटी११. देशातल्या निम्म्या प्रोजेक्टांचा श्रीगणेशा या निळ्या डबीने होतो. अचूकता अधिक-उणे २ अंश. म्हणजे तिने २७ म्हटलं तर २५ असेल किंवा २९ असेल. एवढा अंदाज माझी बहीण स्वयंपाकघरात बसून देते, आणि तिला लायब्ररी इन्स्टॉल करावी लागत नाही. त्याहून बरं हवं म्हटल्यावर पांढरी डबी आली, डीएचटी२२. ही अर्ध्या अंशापर्यंत खरं बोलते, पण दोन सेकंदांत एकदाच, आणि ३.३ व्होल्टच्या खाली बोलायची तिची तयारी नाही. मग आला एलएम३५. तीन पायांचा, जुना, सरळमार्गी. एका अंशाला १० मिलिव्होल्ट, हिशेब तोंडपाठ. माझा जीव त्याच्यावर आहे. पण त्याला किमान ४ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन सेलवर तो डोळेसुद्धा उघडत नाही. शेवटी निघाला स्टीलच्या टोपीतला, काळ्या वायरचा, ‘वॉटरप्रूफ’ डीएस१८बी२०.

“ओरिजिनल देऊ का चालणारा?”

“फरक काय?”

“ओरिजिनल महाग पडतो. चालणारा चालतो.”

“आणि नाही चालला तर?”

“मग तो चालणारा नव्हता.”

यावर काही बोलण्यासारखं नसल्यामुळे आम्ही पैसे दिले.

घरी आल्यावर भाच्याने एक्सेल उघडलं. या मुलांना भूक लागली तरी आधी एक्सेल उघडतात. एका रकान्यात सेन्सरची नावं, दुसऱ्यात प्रत्येकजण झोपेत किती करंट घेतो ते. डीएस१८बी२० पाऊण मायक्रोअँपिअर. टीएमपी१०२ एक मायक्रोअँपिअरच्या आत. टीएमपी११७ फक्त ०.१५. एसएचटी४० तर ०.०८. जसजसा आकडा खाली जात होता तसतसा भाच्याचा चेहरा खुलत होता. या क्षेत्रातल्या हौशी मंडळींचा हा लाडका खेळ आहे. एकजण म्हणतो माझा सेन्सर अर्ध्या मायक्रोअँपिअरवर झोपतो. दुसरा लगेच, माझा पावावर. आपण किती कमी खातो याचा अभिमान मी याआधी फक्त एकादशीला ऐकला होता.

मी म्हटलं, “अरे, एक मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला किती, ते तर काढ.” काढलं. एक मायक्रोअँपिअर अखंड वर्षभर वाहिला तर ८.७६ मिलिअँपिअर-तास होतात. अल्कलाइन सेल कपाटात नुसता पडून राहिला तरी वर्षाला याच्या कितीतरी पट आपला आपणच गमावतो. डीएस१८बी२० चा पुरता हिशेब मांडला: दर दहा मिनिटांनी एक मोजणी, म्हणजे दिवसाला १४४, एका मोजणीला पाऊण सेकंद, एक मिलिअँपिअर, मध्ये झोप. वर्षाचा खर्च अठराच्या आसपास मिलिअँपिअर-तास. २,००० चा सेल या हिशेबाने शंभर वर्षांहून जास्त पुरावा. कांद्याला तेवढ्यात एकदा तरी भाव येईल, अशी आशा करायला हरकत नाही.

प्रत्यक्षात पहिला जोड आठवडाभरही टिकला नाही.

कारण सेन्सर एकटा येत नाही. लग्नात नवरदेव दोन घास खातो, तेही मुंडावळ्या सावरत; केटररचं बिल येतं ते वऱ्हाडाचं. इथे वऱ्हाड म्हणजे तो बोर्ड. भाच्याने सेन्सर जोडला होता नोडएमसीयूला. बोर्ड गुणाचा आहे, स्वस्त आहे, वायफाय आहे. पण टेबलावर, लॅपटॉपला लावून शिकण्यासाठी केलेला आहे. त्यावर यूएसबीशी बोलायला एक वेगळी चिप, कामावर असो वा नसो. त्यावर एएमएस१११७ नावाचा रेग्युलेटर, जो व्होल्टेज काबूत ठेवण्याच्या मोबदल्यात स्वतःसाठी ५ मिलिअँपिअर कापून घेतो, चोवीस तास. वर्षाचे ४३,८०० मिलिअँपिअर-तास. म्हणजे सेन्सर वर्षाला १८ घेणार, आणि त्याचा दरवान ४३,८००. एक्सेलमध्ये दरवानाचा रकानाच नव्हता.

आणि तो दिवा. बोर्ड चालू आहे हे कळावं म्हणून त्यावर एक लाल दिवा असतो. दोन मिलिअँपिअर म्हणा. डबी बंद, डबीवर झाकण, झाकणावर कांदा, कांद्यावर चाळीचा पत्रा. आणि आत हा दिवा रात्रंदिवस जळतोय. फक्त त्या दिव्यापायी २,००० चा सेल सहा आठवड्यांत रिकामा होतो. मी भाच्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिला आणि म्हटलं, “काढ तो.”

“पण मामा, मग चालू आहे ते कळणार कसं?”

“कांद्यांना कळायची गरज नाही.”

दिवा निघाला. मग रेग्युलेटर बदलला. एमसीपी१७०० नावाचा एक चिमुकला रेग्युलेटर मिळतो, तो स्वतःसाठी जेमतेम १.६ मायक्रोअँपिअर घेतो. तो पाच मिलिअँपिअरवाला त्याच्या तीन हजार पट घेत होता. यूएसबीची चिप जावी म्हणून अख्खा बोर्डच गेला आणि नुसतं ईएसपी८२६६ चं मॉड्यूल राहिलं, जे गाढ झोपेत २० मायक्रोअँपिअरवर पडून राहतं. भाचा खूश झाला. मला या वळणावर अनुभवाने शंका यायला लागते.

झोपेत शहाणी असणारी पुष्कळ मंडळी जागी झाल्यावर कळतात. हे मॉड्यूल उठतं, राउटर शोधतं, नाव सांगतं, पासवर्ड सांगतं, पत्ता मागतं, मग ‘२८.५’ एवढं बोलतं आणि झोपतं. या शिष्टाचारात पाच सेकंद सहज जातात आणि तेवढा वेळ सरासरी ८० मिलिअँपिअर वाहतात. दिवसाला १४४ वेळा. रोजचे १६ मिलिअँपिअर-तास. सेन्सरचे रोजचे ०.०३. म्हणजे तापमान मोजायला एक पैसा आणि ते सांगायला पाच रुपये. आपल्याकडे हे प्रमाण अगदीच अनोळखी नाही. पण सभेत बोलणाऱ्याला सेल लागत नाहीत.

त्यातही एक आडवळण आहे, आणि सेन्सर निवडताना मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डीएस१८बी२० ला एक मोजणी पूर्ण अचूकतेने करायला पाऊण सेकंद लागतो. तो स्वतः त्या वेळात एकच मिलिअँपिअर घेतो. पण प्रोग्राम आळशीपणे लिहिला असेल तर तेवढा वेळ ८० मिलिअँपिअरवालं मॉड्यूल वायफाय चालू ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहतं. म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या जेवणापेक्षा त्याने दुसऱ्याला जागवल्याचा खर्च ऐंशी पट. यावर उपाय दोन. एक तर मोजणी आधी उरकायची आणि रेडिओ नंतर उठवायचा. किंवा सेन्सरला कमी बारीक मोजायला सांगायचं: अर्ध्या अंशाच्या पायरीने मोजलं तर त्याला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. कांद्याला सोळाव्या हिश्शाचा अंश कळतो, असं अजून तरी कुणी सिद्ध केलेलं नाही. डेटाशीट वाचताना लोक करंटच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि वेळेच्या रकान्यावरून पुढे जातात. वेळच खातो सेल.

आता दर दहा मिनिटांचं म्हणाल तर त्यावरही कॉलेजात वाद झाला. तिथल्या एका सरांना ‘रिअल टाइम’ हवं होतं. दर सेकंदाला आकडा, पडद्यावर हलता आलेख. दिवसाचे ८६,४०० आकडे. ते बघणार कोण? चाळीत कित्येक क्विंटल कांदा असतो. एवढ्या ढिगाचं तापमान हलायचं म्हटलं तर दुपारची संध्याकाळ होते. पण आलेख हलला नाही तर परीक्षकांना वाटतं प्रोजेक्ट बंद आहे. शेवटी तोंडी परीक्षेच्या दिवसापुरतं दर सेकंदाला आणि चाळीत दहा मिनिटांनी, असा तोडगा निघाला. तो रिपोर्टात नाही.

मध्यंतरी भाच्याला बटण सेलचं वेड लागलं होतं. सीआर२०३२, दिसायला देखणा, डबी केवढीशी होते! पण त्याच्यात जेमतेम २२५ मिलिअँपिअर-तास आणि आतला रोध नवा असतानाच दहा-एक ओहम, पुढे वाढतच जाणारा. वायफायने ३०० मिलिअँपिअरचा एक हिसका मारला की दहा ओहममध्येच तीन व्होल्ट खपले. सेल तीन व्होल्टचाच. बाकी शून्य. गणिताचं पुस्तक सोडलं तर इतकी स्वच्छ शून्य बाकी मी क्वचितच पाहिली आहे. हा सेल वाईट नाही. कमी बोलणाऱ्या रेडिओबरोबर, जोडीला एखादा मोठा कपॅसिटर दिला तर तो छान संसार करतो. वायफायच्या घरात त्याला देऊ नये.

मग झालं ते व्होल्टेजचं प्रकरण. दोन नवे पेन्सिल सेल मिळून तीन व्होल्टच्या थोडं वर असतात आणि पुरते संपतात ते १.८ च्या आसपास. सगळा माल या दोन आकड्यांच्या मधे. डीएस१८बी२० ला किमान ३ व्होल्ट लागतात. म्हणजे सेलमध्ये बहुतेक सगळा माल शिल्लक असतानाच हा राजीनामा देतो. बरं, राजीनामाही सरळ देत नाही. हिसक्याने व्होल्टेज क्षणभर बसला की सेन्सर मूर्च्छा येऊन परत शुद्धीवर येतो, आणि शुद्धीवर आल्या आल्या, काहीही मोजायच्या आधी, त्याच्या तोंडी एकच आकडा असतो: ८५. कारखान्यातूनच तसा शिकवून पाठवलेला आहे.

दाजींचा फोन मला रात्री आला.

“पाहुणे, चाळ पंच्याऐंशीवर गेली.”

“दाजी, पंच्याऐंशी अंशाला कांदा चाळीत नसतो, कढईत असतो. झोपा.”

“मी जाऊन आलो. हात घालून पाह्यला. गार आहे.”

“मग?”

“मग हे पंच्याऐंशी काय आहे?”

हे पंच्याऐंशी काय आहे ते मी समजावून सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, “म्हणजे काही कळलं नाही की हा पंच्याऐंशी म्हणतो.” मी हो म्हटलं. “मला वाटलं हे फक्त बाजारभावाच्या बातमीत होतं,” म्हणाले आणि ठेवला फोन.

पुढच्याच पंधरवड्यात उणे १२७ आलं. हा आकडा सेन्सरचा नाही, प्रोग्राममधल्या लायब्ररीचा आहे. सेन्सरकडून उत्तरच आलं नाही की ती उणे १२७ लिहून मोकळी होते. दाजींना हे कुणी सांगितलं नव्हतं. निफाडच्या माणसाला थंडीचं कौतुक आहे. हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दरवर्षी पेपरात येतो. पण अंटार्क्टिकात व्होस्टॉकला १९८३ साली नोंदलेला जगातला नीचांकसुद्धा उणे ८९.२ चा आहे. ऑगस्ट महिन्यात आमच्या दाजींची चाळ त्याच्याही ३८ अंश खाली होती. उंदराने वायर खाल्ली होती.

त्यानंतर भाच्याने सेन्सर, मॉड्यूल, सेल, सगळं एका डबीत घालून डबीच ढिगात पुरली. उंदीर थांबले, वायफायही थांबलं. कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना पाणी मानवत नाही. शिवाय आत बसलेला सेन्सर शेजारच्या मॉड्यूलचाच ताप मोजायला लागला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सेल संपला तर तो बदलायला कांदा उपसावा लागणार. सेल दोन, मजूर चार.

भाच्याने आणखी कमी करंटचा सेन्सर शोधायला घेतला. दाजी खळ्यात उभे होते. म्हणाले, “डबी बाहेर खिळ्याला टांग, आन् फक्त ते टोक आत घाल. वायर पाइपातून ने.”

याला इंजिनिअरिंगमध्ये काय म्हणतात ते भाच्याने रिपोर्टात इंग्रजीत एक पान लिहिलं आहे.

डबी खांबाला लागल्यावर बाकीचं मार्गी लागलं. राउटर घरात, चाळ वावराच्या पलीकडे, तेव्हा वायफाय सोडलं आणि लोरा नावाचा रेडिओ घेतला. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. अंतर दांडगं जातं आणि राउटरशी ओळखपाळख काढत बसावं लागत नाही. उठला, आकडा फेकला, झोपला. सेन्सरवर मात्र आमचं मामा-भाच्यांचं वाजलं. त्याला टीएमपी११७ हवा होता, कारण तो अंशाच्या दहाव्या हिश्शापर्यंत खरं बोलतो. त्याचं अंगही काटक, १.८ व्होल्टपर्यंत तग धरतो. पण कांदा सडवते ती आर्द्रता, आणि त्या बाबतीत टीएमपी११७ चं तोंड बंद. मी एसएचटी४० वर अडून बसलो. तापमान आणि आर्द्रता दोन्ही सांगतो, मोजणी दहा मिलिसेकंदांच्या आत उरकतो, आणि १.०८ व्होल्टपासून ३.६ पर्यंत कशावरही चालतो. म्हणजे दोन पेन्सिल सेल पार निपटेपर्यंत त्याची कुरकूर नाही, मध्ये रेग्युलेटरही नको. फक्त त्याला लिथियम-आयनचा सेल थेट लावू नये. तो भरलेला असताना ४.२ व्होल्टचा असतो, आणि एसएचटी४० ला जास्त जेवण सोसत नाही. वर कांद्याचे पापुद्रे बसतात म्हणून जाळीची टोपी लागते, ती वेगळी.

थर्मिस्टर का नको, असं एखाद्या वाचकाच्या मनात आलं असेल. हवा की. दहा हजार ओहमचा थर्मिस्टर आणि तेवढाच एक रेझिस्टर, दोन्ही मिळून चहाच्या पैशात येतात. पण जोडी तीन व्होल्टवर कायमची टांगून ठेवली तर १५० मायक्रोअँपिअर सतत वाहतात, सहा महिन्यांत सेलचा तिसरा हिस्सा. तिला कंट्रोलरच्या पिनेवरून, मोजण्यापुरतीच वीज द्यायची, काम झालं की पिन खाली. हेच कुठल्याही सेन्सरला करता येतं. फक्त त्याचा पुल-अप रेझिस्टरही त्याच पिनेवर न्यायचा, नाहीतर पुढचं दार बंद करून मागच्या दाराने, डेटाच्या तारेतून, वीज आत जातच राहते आणि आपण एक्सेलमध्ये शून्य लिहून बसतो.

एवढं सगळं नको असेल तर बिनसेलाचा उपायही आहे. जेम्स सिक्स नावाच्या इंग्रजाने १७८० मध्ये कमाल-किमान दाखवणारा तापमापक केला. इंग्रजी यू अक्षरासारखी नळी, आत पारा, दिवसाचा उच्चांक आणि नीचांक दोन्ही धरून ठेवतो, करंट शून्य. झोपेतला नव्हे, कायमचा शून्य. फक्त तो वाचायला रोज कुणीतरी चाळीपर्यंत चालत जावं लागतं, आणि हे वाक्य ऐकलं की नवी पिढी लगेच लोराकडे वळते.

यंदाच्या मोसमात डबीने दाजींच्या फोनवर तापमान पाठवलं, आर्द्रता पाठवली आणि माझ्या आग्रहाने तिसरा आकडा सेलच्या व्होल्टेजचाही पाठवला. दाजींना तिसराच आकडा आवडला. तो रोज थोडा थोडा, ठरल्याप्रमाणे उतरतो. बाजाराला हे जमत नाही. त्यांनी भाच्याला एवढंच विचारलं की चौथ्या जागी भाव टाकता येईल का. तो म्हणाला, प्रयत्न करतो. त्याने करू नये असं माझं मत आहे, कारण त्या आकड्यात आणि ८५ किंवा उणे १२७ मध्ये काहीही फरक राहणार नाही.

कुणाला आपल्या चाळीत असं बसवायचं असेल तर भाचा येऊन बसवून देतो, पैसे घेत नाही, दोन वेळचं जेवण घेतो. विनंती एकच: फोन कांदा भरायच्या आधी करावा. भरल्यानंतर करणाऱ्यांना पुढचा एप्रिल दिला जाईल.